शक्ती पुढे कुणाला द्यायची?

मुलांच्या गोष्टीतला महावीर कधी मोठा होत नाही. ‘छोटा भीम’ दूरचित्रवाणीवर आला 2008 साली. तेव्हा तो पाहणारी आठ वर्षांची मुलं आज नोकरीला लागली, काहींची लग्नं झाली, पण भीम अजून ढोलकपुरात लाडूच खातो आहे. रायगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या चौल गावात माझ्या ओटीवर शनिवारी दुपारी वाडीतली मुलं गोष्टी ऐकायला जमतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी संपली तरी ही सवय मी सोडली नाही. त्यांच्यातल्या चौथीतल्या एका मुलानं मला विचारलं, “बाई, भीम मोठा झाला की त्याची ताकद कोणाला मिळणार?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. अचाट शक्ती मिळाली कशी, ती वापरली कशी, कोणत्या राक्षसाला लोळवलं, हे आपण मुलांना हजार वेळा सांगतो. ती शक्ती पुढच्याच्या हाती देण्याची वेळ आली तेव्हा नायकानं काय केलं, हे मात्र सांगत नाही. माझं म्हणणं असं की नायकाची खरी परीक्षा तिथेच असते. मराठीत बालवीर नव्यानं उभा करायचा असेल, तर त्याच्या गोष्टीत हे हस्तांतर पहिल्या दिवसापासून असायला हवं.

जगानं या प्रश्नाला दिलेली उत्तरं पाहू. आमच्या पिढीनं इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ वाचला. ली फॉक यांनी तो 1936 साली निर्माण केला आणि भारतात इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली सुरू झाली. वेताळ अमर आहे असं जंगलातले लोक समजतात. खरं तर बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. आपण वाचायचो तो एकविसावा. कल्पना देखणी आहे, पण त्यात वारस एकच ठरलेला, पोटचा मुलगा. जंगलातल्या दुसऱ्या कुणा पोराला तो मुखवटा कधीच मिळणार नव्हता.

1940 साली अमेरिकेत दुसरं उत्तर आलं. बिल पार्कर आणि सी. सी. बेक यांनी बिली बॅटसन नावाचा अनाथ, वर्तमानपत्रं विकणारा मुलगा रंगवला. एक अनोळखी माणूस त्याला रात्री भुयारी रेल्वेच्या स्थानकातून खोल गुहेत नेतो. तिथे शझाम नावाचा अतिवृद्ध जादूगार बसलेला असतो. तो आपली शक्ती या पोराला देतो आणि स्वतः संपतो. बिलीनं त्या म्हाताऱ्याचं नाव उच्चारलं की तो धिप्पाड कॅप्टन मार्व्हल होतो. इथे रक्ताचं नातं नाही, ही मोठी गोष्ट झाली. पुढे सुपरमॅनच्या मालकांनी नक्कल केल्याचा दावा लावला आणि 1953 मध्ये ती मालिका बंद पडली. नंतर ती पुन्हा जिवंत झाली आणि 2019 मध्ये ‘शझाम’ नावाचा चित्रपट आला. त्यात बिली अखेरीला आपली शक्ती त्याला सांभाळणाऱ्या घरातल्या आपल्या मानलेल्या भावंडांत वाटून टाकतो. जुन्या बालवीराची नवी मांडणी कशी करावी, याचं हे फार चांगलं उदाहरण आहे. पोशाख तोच आहे, बदलली ती देण्याची रीत.

स्पायडरमॅनच्या एका मालिकेतही 2011 मध्ये पीटर पार्कर मरतो आणि त्याची जागा माइल्स मोरालेस घेतो. माइल्सचे वडील कृष्णवर्णीय, आई पोर्टो रिकोची. 2014 पासून कमला खान या न्यू जर्सीतल्या पाकिस्तानी कुटुंबातल्या मुलीनं ‘मिस मार्व्हल’ हे नाव पुढे चालवलं. ज्या मुलांचे चेहरे त्या चित्रकथांत फारसे दिसत नव्हते, त्यांना वारसा मिळाला आणि जुन्या नावात नवा जीव आला.

आता आपल्याकडे या. गुहा, म्हातारा आणि घाबरलेला मुलगा ही कथा अमेरिकेच्या आधी सहाशे-सातशे वर्षं आपल्या मातीत सांगितली गेली आहे. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई आपली चार मुलं घेऊन त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला गेले होते. वाटेत वाघ आडवा आला, पळापळ झाली आणि थोरला निवृत्ती चुकला. जीव वाचवायला तो एका गुहेत शिरला. आत गहिनीनाथ बसले होते. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ अशी आलेली परंपरा त्या दिवशी एका कोवळ्या पोराच्या हाती आली. परंपरेनं मानलेला निवृत्तीनाथांचा जन्म 1273 चा. म्हणजे पुढे 1290 मध्येही त्यानं विशी गाठली नव्हती.

पुढे निवृत्तीनं काय केलं? गावानं वाळीत टाकलेल्या, संन्याशाची पोरं म्हणून हिणवलेल्या त्या भावंडांतल्या थोरल्याला एवढं सामर्थ्य मिळालं, तर त्यानं आळंदीवर सूड उगवावा अशीच आजच्या पडद्यावरची कथा झाली असती. निवृत्तीनं ते घेतलं आणि धाकट्या भावाला, ज्ञानदेवाला दिलं. धाकट्यानं वयाच्या पंधराव्या वर्षी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, साल 1290. ज्ञान संस्कृतात अडलं होतं, ते त्यानं मराठीत आणलं, आणि त्या ग्रंथाच्या शेवटी हे आपल्याकडे कुणाकुणाकडून आलं त्याची परंपरा नावानिशी सांगितली. मिळालेलं सामर्थ्य कुणाचं आहे हे विसरू नये, म्हणून त्यानं केलेली ती नोंद मला प्रत्येक वेळी थांबवते.

आणि सर्वांत धाकटी मुक्ता. चांगदेव चौदाशे वर्षं जगलेले योगी, वाघावर बसणारे, हातात सापाचा चाबूक. या भावंडांना पत्र लिहायला बसले तर मायना काय घालावा ते सुचेना. वयानं लहानांना आशीर्वाद लिहावा की ज्ञानानं थोरांना नमस्कार? कोराच कागद पाठवला. त्याला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. वाघावरून आलेल्या चांगदेवांना सामोरं जायला भावंडांनी आपण बसलो होतो ती भिंतच चालवली. शेवटी त्या म्हाताऱ्यानं गुरू केलं कुणाला, तर मुक्तेला. चौदाशे वर्षांच्या शक्तीनं एका लहान मुलीपुढे मान लववली. जगातल्या कुठल्या चित्रकथेत असा प्रसंग आहे?

विसोबांची कथा तर मला याहून मोठी वाटते. मुक्तेनं मांडे करायला घेतले, तर या भावंडांना छळणाऱ्या विसोबांनी तिला खापर मिळू दिलं नाही. ज्ञानदेवांनी योगाग्नीनं पाठ तापवली आणि मुक्तेनं तिच्यावर मांडे भाजले. हा माणूस ते पाहून पालटला. परंपरा सांगते की हेच पुढे विसोबा खेचर झाले. गोरा कुंभाराच्या घरी नामदेव कच्चं मडकं ठरले तेव्हा याच विसोबांकडे गेले आणि त्यांना गुरू केलं. म्हणजे त्या पोरांना ज्यानं छळलं, त्याच्याच हातून त्यांचा वारसा पुढे गेला. वारसदार निवडताना मनाचा एवढा मोठेपणा मी दुसरीकडे वाचलेला नाही.

बिली बॅटसन कागदावर अवतरला त्याच 1940 साली पुण्याच्या प्रभातचा ‘संत ज्ञानेश्वर’ पडद्यावर आला. दामले-फत्तेलालांनी त्यात भिंत चालवून दाखवली. न्यूयॉर्कमध्ये अनाथ मुलगा आकाशात उडाला त्या वर्षी आपण वाळीत टाकलेल्या मुलांची भिंत चालताना पाहत होतो. त्यांनी आपल्या बिलीला ऐंशी वर्षं पुन्हा पुन्हा नवं केलं. आपण भक्तिपट केले, 2025 मध्ये दिग्पाल लांजेकर यांनी मुक्ताईवर चित्रपट केला, त्याचा मला आनंद आहे. पण या कथेच्या आत जी रचना आहे, ती घेऊन आजच्या मुलाचा नवा नायक आपण घडवला नाही.

इथे काही वाचक म्हणतील की बाई, संतांना झगा घालून उडवायचं का? मुळीच नाही. मुक्ताई आमच्या घरी रोज संध्याकाळी हरिपाठानंतर आठवली जाते. तिची बाहुली करून विकलेली मला सोसणार नाही. मी मागते आहे ती त्या कथेची रीत: शक्ती वाळीत टाकलेल्याला मिळते, थोरला धाकट्याला देतो, सर्वांत लहान मुलगी सर्वांत म्हाताऱ्याला शिकवते आणि छळणाऱ्यालाही वारशात जागा होते. ही रीत वापरायला कुणाच्या श्रद्धेला हात लावावा लागत नाही.

मराठीतला आपला लाडका बालनायक म्हणजे फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, सायकल, चौकटीचा शर्ट आणि तोंडानं काढलेला तो ‘ट्टॉक’. त्याच्याकडे जादू नव्हती. पाय वेगवान आणि नाक दुसऱ्यांच्या भानगडीत, एवढंच त्याचं भांडवल. मी वर्गात त्याच्या गोष्टी वाचून दाखवल्या आहेत. शेवटच्या बाकावरची मुलंही मान वर करायची. ऐंशीच्या दशकात सुमीत राघवन दूरदर्शनवर फेणे झाला. 2017 मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघ फेणे झाला, दिलीप प्रभावळकर खुद्द भागवत झाले. चित्रपट चांगला आहे, वेगवान आहे. पण फेणे त्यात तरुण झाला, वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या घोटाळ्यामागे लागला, आणि शाळकरी मुलांची जागा रिकामी राहिली. त्याच चित्रपटात भूभू नावाचा चुणचुणीत पोर त्याच्याबरोबर फिरतो. वारस तिथेच उभा होता. फेणेनं आपली सायकल त्या रस्त्यावरच्या मुलाला दिली असती, तर भागवतांचा नायक खऱ्या अर्थानं पुढच्या पिढीत गेला असता. जुन्या नायकाचं वय वाढवणं ही अर्धी नवी मांडणी झाली. उरलेली अर्धी म्हणजे नवं मूल.

हे सगळं मी चौलातून लिहिते आहे त्याला कारण आहे. वारसाचा प्रश्न आमच्या किनाऱ्यानं रक्त सांडून पाहिला आहे. कान्होजी आंग्रे 1729 मध्ये गेले तेव्हा या समुद्रावर त्यांचा दरारा होता. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी सगळे त्यांना वचकून असत. मागे राहिलेले मुलगे भांडले. सेखोजी गेल्यावर संभाजी आणि मानाजी यांचं वैर इतकं वाढलं की 1735 मध्ये पेशव्यांनी मध्ये पडून विजयदुर्ग आणि कुलाबा अशी वाटणी केली. 1756 मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा इंग्रजांच्या बरोबर पेशवेही होते. एवढं सामर्थ्य कमावलं कसं हे आमच्या मुलांना पाठ असतं. ते गेलं कसं, हे कुणी सांगत नाही. ते गेलं घरातल्या वारशाच्या भांडणात. आज गावच्या पुढारीपणापासून सिनेमापर्यंत जिकडे पाहावं तिकडे मुलगा, पुतण्या, जावई असंच चाललं आहे. मुलं हे पाहतात आणि जगाची रीतच ही आहे असं समजतात. गोष्टीनं तरी त्यांना दुसरी रीत दाखवावी.

म्हणून मी माझ्या शनिवारच्या मुलांपुढे प्रश्न ठेवला: तुम्हाला शक्ती मिळाली, पण ती बाराव्या वर्षी दुसऱ्याला द्यायची आहे, आणि सख्ख्या भावंडाला देता येणार नाही. कुणाला द्याल?

रेवदंड्याच्या बंदरावर जिची आजी मासळी विकते ती मुलगी पटकन म्हणाली, “आजीला. तिला पाटी उचलवत नाही आता.” वारस आपल्याहून लहानच असला पाहिजे, हे आपण धरून चालतो. तिनं तो नियम एका वाक्यात मोडला. एक मुलगा म्हणाला, “मी कुणालाच देणार नाही.” त्याला शेजारच्यानं विचारलं, “आणि तू झोपलेला असताना वादळ आलं तर?” त्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग कोपऱ्यातून एक मुलगी हळूच म्हणाली, “जो मला मारतो त्याला. शक्तीचे नियम असतात ना, मग त्याला मारता येणार नाही.” त्या दिवशी मी मुलांना विसोबांची गोष्ट सांगितली. त्या मुलीनं ती कधी ऐकलेली नव्हती, तरी तिच्या मनानं तिथवर वाट काढली होती.

या मुलांना वादळ म्हणजे काय ते ठाऊक आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा यांतली काही जेमतेम चालायला लागली होती, पण घरातलं बोलणं ऐकतच ती वाढली. नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, नारळाला त्याहून जास्तही. त्या पावसाळ्यात ज्या म्हाताऱ्यांनी नवी रोपं लावली, त्यांना ठाऊक होतं की सुपारी उतरवायला आपण असू-नसू. पुढच्याला देणं म्हणजे काय, याचा धडा आमच्या गावात घरामागच्या वाडीत उभा आहे.

नवा नायक कुठून आणायचा असं कुणी विचारलं तर मी चौलचं रामेश्वराचं देऊळ दाखवीन. तिथे पर्जन्य, वायू आणि अग्नी अशी तीन कुंडं आहेत. पाऊस दडी मारून बसला, दुष्काळ पडला, की पर्जन्यकुंड उघडायची रीत जुनी आहे. ज्या गावाचं बंदर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक दर्यावर्दींना माहीत होतं, जिथे 1469 मध्ये अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी उतरला, त्या गावात वारा, पाऊस आणि आग यांची राखण एका मुलीकडे आहे असं समजा. समजा, ती मोठ्या नावाच्या घरातली नाही, देवळाच्या पुजाऱ्याची नाही, तर पोफळीवर चढून सुपारी उतरवणाऱ्या मजुराची मुलगी आहे. वादळ वळवायचं, तर ते पलीकडच्या कोर्लईवर जाईल का, मुरूडवर जाईल का, याचा विचार तिला करावा लागेल. कोर्लईत आजही पोर्तुगीज मुळाची बोली घरात बोलणारी कुटुंबं आहेत, तिथलं एखादं मूल तिचं मित्र असेल. आपलं गाव वाचवून दुसऱ्याचं बुडवायचं नाही, ही तिची पहिली अडचण.

दुसरी अडचण बारावं वर्ष. चौलजवळच्या भोवाळ्याच्या डोंगरावर मार्गशीर्षात दत्ताची यात्रा भरते. त्या गर्दीत, सगळ्यांसमोर, तिनं शक्ती पुढच्याला द्यायची. त्याच्या आधी वर्षभर त्या मुलाला शिकवायचं. निवड चुकू शकते, आणि ती चुकलेली मला गोष्टीत हवी आहे, म्हणजे चुकीच्या हाती गेलेलं सामर्थ्य सगळ्यांनी मिळून कसं सावरावं हेही मुलांना वाचायला मिळेल. आणि देणारी मरता कामा नये. शझाम देऊन संपला, वेताळाचा बाप मेल्याशिवाय मुखवटा मिळत नाही, माइल्सला पीटर गेल्यावर जागा मिळाली. आमच्या मुलीनं देऊन जगावं. दुसऱ्या दिवशी शाळेत जावं, गणितात अडावं, बसला धावावं, आणि काल आपल्याकडे होतं ते आज दुसऱ्याच्या हाती चांगलं चाललेलं पाहावं. जो आपल्या मागच्याचं कौतुक करू शकतो तो मोठा, हे मुलांना शिकवणारी एवढी सोपी दुसरी जागा मला दिसत नाही.

मराठीत हे करायला जागा आहेत. ‘किशोर’ मासिक 1971 पासून मुलांच्या हाती जातं आहे. दिवाळी अंकांना बालविभाग आहेत. मराठी चित्रपटांना पैसे लावणारे निर्माते आहेत, आणि ‘फास्टर फेणे’ला प्रेक्षक मिळाले हे त्यांनी पाहिलं आहे. लेखकांना माझी विनंती आहे की जुना नायक झटकून पुन्हा उभा करण्यात समाधान मानू नका. त्याच्या शेजारी वारस उभा करा, आणि तो कुणाचा मुलगा आहे यावरून निवडू नका. चित्रकारांना विनंती की त्या मुलांना मुंबई-पुण्याचे चेहरे देऊ नका. कोळीवाडे, वाड्या, मोहल्ले, ठाकरवाड्या सगळे आमच्याकडे आहेत.

आणि आईवडिलांना एवढंच सांगते: आज रात्री मुलाला गोष्ट सांगाल तेव्हा शेवटी विचारा की शक्ती तू कुणाला देशील. उत्तराला घाई करू नका आणि ते दुरुस्तही करू नका. जो नायक आपल्या मागे कुणी उभा करत नाही, तो कितीही बलवान असला तरी मुलांपुढे ठेवण्याच्या लायकीचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.